सायझिंगमागची खोली

"आक्का, दार उघड. न्हाईतर दारासकट तुला मोडतो."

माझा धाकटा भाऊ सर्जा बाहेरून वरवंट्यानं दार ठोकत होता. वरवंटा माझाच, अंगणात धुऊन वाळत ठेवलेला. आत पलंगाखाली त्याची बायको वैजयंता पोरीला पोटाशी धरून पडली होती. तिच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तिला ते पुसताही येत नव्हतं, कारण एक हात पोरीभोवती होता, दुसरा पोरीच्या तोंडावर. दिवसाढवळ्याची गोष्ट. पण इचलकरंजीत आमच्या गल्लीत घर तिथं माग, आणि मागांच्या खडखडाटात शेजारच्या घरात काय चाललंय ते शेजाऱ्याला कळत नाही. कळलं तरी कळलं नाही म्हणायला बरं पडतं.

"वैजी आत हाय का?"

"हाय. आन् हितंच ऱ्हाणार."

"बायको माझी हाय."

"घर माझं हाय."

कडी निखळली आणि तो दारासकट आत आला. एका डोळ्याची पापणी सुजलेली, शर्टाला वांतीचा वास. मी मुसळ घेऊन दाराआड उभी होते. पहिला घाव नडगीवर घातला. तो गुडघ्यावर बसला, पण बसता बसता त्यानं वरवंटा भिरकावला. तो माझ्या कानाजवळून गेला आणि मांडणीवर आदळला. आईच्या लग्नातली पितळी भांडी धडाधड खाली आली. मग मात्र माझं डोकं फिरलं. दुसरा घाव खांद्यावर. आत काहीतरी मोडल्याचं मला हाताला कळलं. तो आडवा झाला तशी मी त्याच्या छातीवर बसले. तेव्हा मी अंगापिंडानं चांगली होते. नवऱ्यानं टाकल्यापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरत होते, मनगटात जोर होता.

"मीटिंगला येणार का?" मी विचारलं.

"कसली मीटिंग?"

"सतरांदा सांगितलंय. दारू सोडलेल्यांची."

ती मीटिंग शोधायला मला काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत. एसटी स्टँडच्या भिंतीवर कुणीतरी रंगानं लिहिलेलं होतं, 'दारू सोडायची आहे? दर मंगळवारी संध्याकाळी भेटा,' आणि खाली पत्ता होता तिथं नेमकं सर्कशीचं पोस्टर चिकटवलेलं. मी गल्लोगल्ली विचारत फिरले. "दारूची मीटिंग कुठं भरती हो?" पहिल्यानं मला वेड्यात काढलं. दुसऱ्यानं डोळा मारला. तिसरा बिचारा भला माणूस, मला अदबीनं थेट गुत्त्याच्या दारात नेऊन सोडून गेला. गुत्तेवालीनं मला पिढं दिलं. शेवटी एका सायझिंगच्या गेटवर प्रल्हाद नावाचा मास्तरासारखा दिसणारा माणूस भेटला. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिथं ते लोक जमत. "बहिणी, तुम्ही त्याला ओढून आणू नका," प्रल्हाद म्हणाला. "त्याला यावंसं वाटलं पाहिजे." मी हो म्हटलं आणि घरी येऊन रोज ओढत राहिले. सर्जा माझ्या तोंडावर हसायचा.

त्या दिवशीही, छातीवर मी बसलेली असताना, तो आधी हसलाच. मी सांगत सुटले. तिथं चहा मिळतो, कुणी शिव्या देत नाही, प्रल्हादनं तर सांगितलंय, आमच्यात एक खून करून जन्मठेप भोगून आलेला माणूसही आहे, तोही सुटला दारूतनं, तुमच्या भावाचं काय घेऊन बसलात.

सर्जाचं हसणं थांबलं.

"कुठं म्हनालीस खोली?"

"देसायांच्या सायझिंगमागं. बॉयलरच्या भिंतीला लागून."

तो छताकडं बघत राहिला. पलंगाखालून पोरीचा हुंदका आला तरी त्याची मान तिकडं वळली नाही.

"येतो," तो म्हणाला. "ऊठ आता अंगावरनं."

मला वाटलं, मुसळाचा गुण. पुढं कितीतरी दिवस मी बायकांना हे कौतुकानं सांगत होते.

खांद्याला पट्टा बांधून मंगळवारी तो माझ्याबरोबर आला. प्यायलेलाच होता, पण चालत आला. महिन्यातनं एकदा तिथं घरच्या माणसांनाही बसू देत, तो नेमका तोच दिवस होता. खोली साधी. गोल मांडलेल्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि बॉयलरकडची भिंत तव्यासारखी गरम. प्रल्हादनं नव्यांसाठी रीत सांगितली. इथं फक्त पहिलं नाव. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. एकजण बोलत असताना दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही आणि नंतरही त्याला उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ज्याची त्याची पाळी आल्यावर ज्यानं त्यानं आपलंच सांगायचं.

"आणि जन्मभर सोडा असं आम्ही कुणालाच सांगत नाही," तो म्हणाला. "जन्मभराचं नाव काढलं की माणूस बिचकतो. फक्त आज नाही प्यायची. उद्याचं उद्या बघू."

सर्जानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मला ते बरं वाटलं.

मग समोरचा एक म्हातारा उठला. अंगावर वॉचमनची खाकी, केस पांढरे, हाडं वर आलेली. त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी त्याला ओळखलं. माणूस म्हातारा होतो, वाळतो, त्याचे दात पडतात. डोळे तेच राहतात. हे डोळे मी कोर्टात आईशेजारी पहिल्या बाकावर बसून दर तारखेला बघितले होते.

"मी बळवंत. एक बेवडा."

"नमस्कार, बळवंत," सगळे म्हणाले.

"मी मागावर होतो. सकाळीच घेऊन कामाला यायचो. त्या दिवशी माझं सूत सारखं तुटत होतं. आमचा जॉबर आला. माग दुरुस्त करायचं काम त्याचं. त्यानं माझा वास घेतला आन् म्हणाला, माग बंद कर, घरी जा, उद्या शुद्धीत ये. एवढंच म्हणाला. शिवी दिली न्हाई. मला त्याचाच जास्त राग आला. त्यो वाकून मागाखाली बघत होता. त्याचाच पाना तिथं पडला होता. मी उचलला आन् मानेवर घातला. त्यो वळला. मग तोंडावर घातला. दात माझ्या पायावर पडलं. मग मोजलं न्हाई. शेजारच्या मागावरचा माणूस तिकडं तोंड करून काम करत होता, त्याला पत्ता न्हाई. सगळं माग चालूच होतं. जॉबर खाली पडून काहीतरी बोलत होता. ओठ हालत होतं. मी वाकून कान नेला, पण मागांच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाई. अजून कळलं न्हाई त्यो काय म्हणत होता. मग त्यो थांबला. कोर्टात माझा वकील म्हणाला, नशेत होता, त्याला भान नव्हतं. म्हणून फाशी टळली. पण मला भान होतं. हे मी हितं दर मंगळवारी सांगतो. आज मी प्यायलो न्हाई. एवढंच."

"धन्यवाद, बळवंत," सगळे म्हणाले आणि पुढचा माणूस बोलायला लागला.

तो जॉबर म्हणजे मल्हारी म्हेत्रे. आमचा बाप.

मी सर्जाचं मनगट घट्ट धरलं होतं. पण तो शांत होता. असणारच, असं मला वाटलं. बाप गेला तेव्हा तो अगदी लहान होता. आईनं दुसऱ्याच दिवशी त्याला कुरुंदवाडला मामाकडं पाठवलं आणि माझ्याकडनं गळ्याची आण घेतली. पोराला काय सांगायचं न्हाई, मागात सापडून गेला म्हणायचं, न्हाईतर मिसरूड फुटलं की त्यो सूड घ्यायला जाईल आन् हा दिवाबी विझंल. आमच्या घरात त्या माणसाचं नाव कधी उच्चारलं गेलं नाही. आई मरेपर्यंत त्याला 'त्यो' म्हणाली. सर्जा जाणता होऊन गावात परत आला, मागावर लागला, लग्न झालं, दारू लागली. बाप अपघातात गेला असंच तो धरून चालला होता. मीटिंग सुटल्यावर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. त्यानं प्रल्हादला एकच विचारलं.

"पुढची मीटिंग कवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जा माझ्या घरी चहा प्यायला आला. दारूच्या आधी चहा, हे मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. तो गेल्यावर मी सायझिंगच्या गेटवर गेले. बळवंत वॉचमनच्या खोपटात स्टूलवर बसला होता. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. त्याची टोपी उडून चिखलात पडली, ओठ फुटला. त्यानं हात वर केला नाही की मान बाजूला घेतली नाही. मारून मारून माझाच दम गेला तेव्हा तो स्टूलवरनं उठला आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "मल्हारी जॉबरची लेक न्हवं? काल दारातनं आलीस तवाच ओळखलं."

"बरोबरचा माझा भाऊ. त्यांचा मुलगा."

त्यानं फुटलेला ओठ बोटानं चाचपला. "तरीच," म्हणाला.

"तरीच म्हंजे?"

"नाकाची ठेवण तीच हाय."

बाहेर सुताचा टेम्पो आला. त्यानं जाऊन गेट उघडलं, टेम्पो आत घेतला, गेट लावलं, परत आला. ओठातलं रक्त खाकीच्या बाहीला पुसलं.

"मी जातो हितनं," तो म्हणाला. "काम सोडतो, गाव सोडतो. तुमच्या नजरंसमोर येणार न्हाई."

त्यासाठीच तर मी गेले होते. पण ती खोली त्याच्या हवाली होती, खुर्च्या तो मांडत होता. तो गेला असता तर सायझिंगच्या मालकानं दुसऱ्या दिवशी खोलीत सुताची पोती भरली असती. आणि सकाळी सर्जानं चहा घेतला होता. वैजयंताच्या कपाळाचे टाके अजून ओले होते. मी त्या माणसाकडं बघितलं आणि ज्यानं माझ्या बापाचे दात पाडले त्याला म्हटलं, "नको. तू हितंच ऱ्हा." ते बोलताना मला माझीच किळस आली. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

"पण सर्जाला कळता कामा न्हाई," मी म्हटलं. "ते सांगायचं बंद कर. त्या पान्याचं, दातांचं."

"ते बंद केलं तर मी त्याच संध्याकाळी पिणार, बाई. आन् पिल्यावर मी काय करतो ते तुला ठाव हाय."

"मग नाव घेऊ नको."

"नाव मी कुणाचंच घेत न्हाई." तो टोपी उचलून झटकायला लागला. "भावाला काय म्हाईत हाय तुझ्या?"

"काय न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. घोर दोन बाजूंनी होता. सर्जा प्यायला तर वैजयंता मरणार, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वेळी घाव जरा खाली बसला तर डोळा जाईल, आणि सर्जा तिथंच थांबेल असं सांगता येत नव्हतं. आणि सर्जाला कळलं तर बळवंत मरणार आणि माझा भाऊ फासावर जाणार. बळवंत मेला असता तर मी दोन घास जास्तच खाल्ले असते. भाऊ मात्र मला हवा होता. मंगळवार आला की मी कांड्या भरताना चुकत होते, सूत बोटात गुंतत होतं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. सर्जा सायकलवरनं येताना दिसला की घरात पळायची आणि आपण काहीच करत नव्हतो असा चेहरा करून भाकरी थापायला बसायची.

तो पीत नव्हता. एकदाही नाही. खांदा जुळला, तो परत मागावर जायला लागला. पोर त्याच्याजवळ जायला लागली, आधी दोन हात लांब राहून, मग मांडीवर. पण एक गोष्ट मला खुपायची. महिन्यातल्या ओपन मीटिंगला मी जायची तेव्हा बघायची, सर्जा तिथं बोलत नसे. त्याची पाळी आली की म्हणायचा, "मी सर्जेराव. मी नुसता ऐकतो," आणि पुढच्याकडं मान वळवायचा. बसायचा मात्र दर वेळी बळवंतच्या समोर. बळवंत तो पाना सांगायचा, ते दात सांगायचा, आणि माझा भाऊ त्याच्या तोंडावरची नजर काढत नसे. मी प्रल्हादला म्हटलं, हा बोलत का नाही? प्रल्हाद म्हणाला, बोलेल. काहींना वेळ लागतो.

थंडीच्या दिवसांत एकदा मीटिंग सुटताना गेटवर दंगा झाला. एक नवा पोरगेलासा कामगार मीटिंगला यायला लागला होता, आणि त्याचे पिण्यातले दोस्त त्याला न्यायला आले होते. तिघं होते, तर्र. "चल रं, बायकांच्यात काय बसतोस," म्हणून त्यांनी त्याची कॉलर धरली. बळवंत मधे पडला. "त्याला यायचं असंल तर येईल. वढू नका." एकानं बाटली गेटवर आपटून फोडली आणि उरलेला तुकडा बळवंतच्या गालात घातला. गाल कानापासून उघडला. रक्त खाकीवर पाण्यासारखं वाहिलं.

सर्जा माझ्या शेजारी होता. तो कधी गेला ते मला कळलं नाही. त्यानं त्या बाटलीवाल्याला मागून केस धरून ओढलं आणि हापशाच्या लोखंडावर त्याचं तोंड आपटलं. एकदा, दोनदा. नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. दुसरा अंगावर आला तर सर्जानं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तो पडल्यावर त्याचा हात पाठीमागं असा पिरगाळला की तो लेकरासारखा रडायला लागला. दारूत सर्जाचे निम्मे घाव हवेत जायचे. शुद्धीत त्याचा एकही चुकला नाही. मला माझ्या भावाची तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. प्रल्हाद आणि आणखी दोघांनी मिळून त्याला ओढलं, तरी तो त्या माणसाच्या अंगावर थुंकून सांगत होता, "त्येला हात लावायचा न्हाई. कुनीबी हात लावायचा न्हाई त्येला. कळलं?"

दवाखान्यात बळवंतचा गाल शिवला. सर्जा पूर्ण वेळ दाराशी उभा होता. मी घरी येऊन रडले. आपल्या बापाला मारणाऱ्यावर याची बापासारखी माया बसली आणि याला त्याचा पत्ताही नाही, असं मला वाटलं. देवाची ही कसली मस्करी, म्हणून मी देव्हाऱ्यातल्या यल्लम्मालाही चार शब्द ऐकवले.

पाडवा झाला आणि एका मंगळवारी सकाळी सायझिंगच्या माणसांना बळवंत खोपटात मेलेला सापडला. झोपेतच गेला होता. पोरंबाळं कुणी नव्हती. दुपारपर्यंत सायझिंगच्या कामगारांनीच त्याला नदीवर नेलं. मला बातमी कळली तेव्हा मी हातातली कांडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. संपलं. आता सर्जाला कधीच कळणार नाही. आईची आण मी तडीस नेली. घरी जाऊन मी शेवयांची खीर केली. कशाला खोटं बोलू, एक वाटी जास्तच खाल्ली.

संध्याकाळी सर्जा आला. नदीवरनंच आला होता, कपडे ओले होते. खीर पुढं केली तर त्यानं वाटीला बोटही लावलं नाही.

"आक्का, मीटिंगला चल."

"आज ओपन कुठं हाय? आन् आजच मयत झालीया."

"मी प्रल्हादला इच्यारलंय. चल."

गुत्त्याची गल्ली आली तिथं त्याची पावलं मंदावली, मी त्याचा दंड धरला, तेव्हा तो परत चालायला लागला. खोलीत खुर्च्या प्रल्हादनं मांडल्या होत्या. एकेकजण आपलं आपलं बोलला. सर्जाची पाळी आली. मी पुढच्या माणसाकडं बघितलं, सर्जा नेहमीसारखा पुढं ढकलणार म्हणून.

"मी सर्जेराव. एक बेवडा."

"नमस्कार, सर्जेराव."

"मी हितं दारू सोडायला आलो न्हवतो." तो जमिनीकडं बघून बोलत होता. "बळवंत जो जॉबर सांगायचा, त्यो माझा बाप."

कुणाचीतरी खुर्ची करकरली. मी उठायला गेले. प्रल्हादनं नुसता हात दाखवला, आणि मी बसले. बोलणाऱ्याच्या मधे बोलायचं नाही.

"आई म्हणायची मागात सापडून गेला. आक्काबी म्हणायची. मी कुरुंदवाडास्नं परत आलो त्याच हप्त्यात मागावरच्या लोकांनी मला सगळं सांगितलं. कुणी मारला, कशानं मारला. घरात मी बोललो न्हाई. त्या दोघी लपवायच्यात, मग मीबी लपवलं. त्यो जेलमधनं सुटला तवा मी त्येला हुडकत गेलो. ह्या सायझिंगच्या गेटवर त्यो बसलेला असायचा. मी चाकू घिऊन यायचो. यायच्या आदी धीर यावा म्हणून घ्यायचो. मग आनखी घ्यायचो. मग गटारात पडायचो. दारू मला तितनं लागली. घरी जाऊन मी वैजीला हाणायचो. त्येला हाणायचं त्ये मी माझ्या बायकोला हाणत होतो."

त्यानं तोंडावरनं हात फिरवला.

"आक्का म्हणाली, ह्या खोलीत मीटिंग आसती, खून केलेला माणूस असतोय. मी म्हटलं, बरं झालं, आत घुसायला वाट घावली. पहिल्या दिवशी मी त्येचं ऐकलं. वकील म्हणाला नशेत होता, म्हणून वाचला. तवाच मी ठरवलं. मी ह्येला शुद्धीत मारणार. उद्या कुणी म्हणाय नको, मल्हारीचा पोरगा दारूच्या नशेत होता, त्येला भान न्हवतं. म्हणून मी पिणं बंद केलं. दुसरं कायबी कारण न्हवतं."

बॉयलर बंद होता, भिंत गार होती.

"चाकू घिऊनच बसायचो हितं. दर मंगळवारी म्हणायचो, आता उठतो. पण सगळं सांगून झाल्यावर त्यो म्हणायचा, बाप काय म्हणत होता ते कळलं न्हाई. मला वाटायचं, पुढच्या मंगळवारी त्येला आठवंल. बाप शेवटाला काय म्हणाला ते मला ह्येच्याशिवाय कोण सांगणार? म्हणून म्हणायचो, आज नको. मारायचंबी मी तसंच ठेवलं. फकस्त आज न्हाई, उद्याचं उद्या. त्या लोकांनी त्येचा गाल फाडला तवा मला वाटलं, हे मारत्यात, मग मी काय करू? म्हणून आडवा गेलो."

तो थांबला. कुणी काही विचारलं नाही, तिथं विचारत नाहीत.

"त्येला म्हाईत होतं. गाल शिवून घरी सोडायला गेलो तवा त्यो म्हणाला, चाकू घिऊन हिंडत जाऊ नको, कुणाला तरी लागंल. तुला जवा करायचं तवा सांग, मी दार उघडं ठेवतो. तितनं पुढं दर मंगळवारी मीटिंग सुटली की मला इच्यारायचा, मग आज काय, सर्जेराव? मी म्हणायचो, आज नको. मग त्यो दार वढून घ्यायचा आन् मी घरी जायचो."

आता त्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही, त्या गोलातल्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"काल रातच्याला त्यो झोपंत गेला. मला न इच्यारता गेला. आता मला न पियाला कारणच न्हाई. येताना गुत्त्याच्या तोंडाला मी थांबलो, आक्कानं हात धरला म्हणून हितवर आलो. घरी वैजी हाय, पोर हाय. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई. मला आज एकट्याला सोडू नका. एवढंच."

"धन्यवाद, सर्जेराव," असं म्हणायची रीत होती. कुणाच्या तोंडून ते निघालं नाही. मला दुपारी जास्तीची खाल्लेली खिरीची वाटी आठवली. इतकी वर्षं मी या पोरापासून जे लपवलं ते त्यानं माझ्यापासून लपवलं होतं, आणि दोघं एकमेकांची समजूत राखत बसलो होतो. मधल्या मधे वैजयंताचं कपाळ फुटत होतं.

मग प्रल्हादनं त्या खोलीची रीत मोडली. बोलून झालेल्या माणसाला त्यानं प्रश्न विचारला.

"मग आज काय, सर्जेराव?"

सर्जानं त्याच्याकडं बघितलं. त्याचा खालचा ओठ थरथरत होता, लहानपणी मामाच्या गाडीत बसवताना थरथरला होता तसाच. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आज नको," तो म्हणाला, आणि त्याच्या शेजारच्या माणसानं आपलं नाव सांगून बोलायला सुरुवात केली.